साखर कमी करणाऱ्यांचं ऑफिस

माणसं अशी का वागतात ते शोधायचं आणि सरकारी खात्याला उपाय सुचवायचे, हे दोह्यात आमचं काम. दोन हजारनंतरची वर्षं. लोकांच्या खाण्यातली साखर कशी कमी करायची, हा विषय. लोकांच्या वागण्याचे रिपोर्ट वर जायचे, आमच्या वागण्याचे किस्से ऑफिसातच साठायचे! त्यात माझी स्वतःची शुगर वाढलेली. "पुढच्या तपासणीत उतरली नाही तर इन्सुलिन," असं डॉक्टरांनी बजावलेलं. सुईच्या नावानेच मला घाम फुटतो. माझी बायको शबाना तर पार धास्तावलेली.

*

दोह्याजवळच्या मेसईद गावी कंपनी क्वार्टर्समध्ये सर्व्हेला गेलो. पहिलंच घर रत्नागिरीकडचं निघालं.

"गोड किती खाता?"

"गोड? छे! आमच्यात कोण खातंय गोड!" म्हणत वहिनींनी शेवयांची वाटी पुढ्यात ठेवली. गाववाला म्हणून दुसरीही वाढली. पुढच्या घरी तोच प्रश्न, तेच उत्तर आणि शिरा.

निष्कर्ष काय, तर मेसईदमध्ये गोड फक्त सर्व्हेवाले खातात!

*

फोनवर विचारायचो, "उद्यापासून चालायला जाणार का?" सगळ्यांचं उत्तर, "इन्शाल्ला!" हे 'हो'मध्ये धरायचं की 'नाही'मध्ये, यावर मीटिंग बसली. आमच्या सुदानी साहेबांनी मध्येच मला विचारलं, "रिपोर्ट गुरुवारी मिळेल ना?"

"इन्शाल्ला, सर."

"खलास! 'नाही'मध्ये धरा!"

*

वस्तू हाताशी नसली की माणूस ती कमी घेतो, हा आमचा लाडका सिद्धांत. म्हणून पॅन्ट्रीतला साखरेचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर चढवला. तर आमच्या वसईच्या अ‍ॅग्नेसने ड्रॉवरमध्ये साखरेच्या पुड्या ठेवल्या. सगळं ऑफिस कप घेऊन तिच्या टेबलाशी! गप्पांच्या नादात चहाही वाढला.

मी रिपोर्टात लिहिलं, "पॅन्ट्रीतला साखरेचा वापर पूर्ण बंद." खोटं कुठे होतं त्यात?

*

मग आम्ही दवाखान्यांसाठी उपाय सुचवला. पेशंटला उपदेश करू नका, ज्याला दिलेला शब्द तो मोडणार नाही अशा माणसाला वचन द्यायला लावा. खात्याला पसंत पडला आणि पहिला सापडलो मीच! शुगर उतरलेली नव्हती.

"तुम्ही शब्द कुणाचा पाळता?" आमच्या मल्याळी डॉक्टरांनी विचारलं.

शबाना शेजारीच बसली होती, तरी तोंडून निघून गेलं, "अम्माचा."

लगेच रत्नागिरीला फोन, स्पीकर चालू.

"अम्मा, डॉक्टर म्हणतायत, खाण्याबद्दल तुला वचन द्यायचंय."

"दे ना रे बाबा! तिकडं नुसता सुकलास तू. ईदला आलास की माझ्या हातचं गोड सांदण पोटभर खायचं, नाय म्हणायचं नाय. दे वचन!"

तिचा आवाज भरून आला होता. शबाना डोळे वटारून बघत होती.

"दिलं, अम्मा."

डॉक्टरांना मराठी समजत नव्हतं. त्यांनी खूश होऊन माझी पाठ थोपटली.

"शाब्बास! मग इन्सुलिन सध्या लांबणीवर टाकू. पण आता आईला दिलेला शब्द मोडायचा नाही हं!"