काकूंची पोत्यांची खोली

श्रूजबरी गावात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंनी २००३ साली मागच्या अंगणात मातीने भरलेली पोती रचून खोली बांधायला घेतली. प्रत्येक पोतं ठोकून घट्ट करून झालं, की त्या त्यावर बसून बघायच्या आणि खूश होऊन म्हणायच्या, "बसलं एकदाचं!"

ऑक्टोबरच्या पावसात एक भिंत फुगून कोसळली. सांत्वनाला गेलो, तर काकूंनी माझ्या हातात फावडंच दिलं.

"खालच्या पोत्यांत खडी भरायला हवी होती, म्हणजे ओल वर चढली नसती. आलाच आहेस तर लाग कामाला!"

जानेवारीत बाहेर बर्फ पडत असताना त्यांनी मला त्याच खोलीत चहाला बोलावलं. मी भिंतीला हात लावला. कोरडी ठणठणीत!

काकू चहा ओतत म्हणाल्या, "बर्फ वितळला, की शेजारी अजून एक खोली काढू. वीकेंडला फ्री असतोस ना रे?"