हुस्नबानूची बारा पानं

म्हसळ्याला जिल्ह्यातल्या ग्रंथालयांचं अधिवेशन भरलं, त्या वर्षी 'आदर्श वाचक' म्हणून आमच्या वाचनालयाने बाळाजीशेठचं नाव पाठवलं. बाळाजीशेठ आमचे अध्यक्ष. वाचनालयाची खोली त्यांच्याच जागेत आहे. रजिस्टरप्रमाणे एकोणीस वर्षांत त्यांनी चार पुस्तकं नेली, त्यातली दोन परत आणली. मी सचिव होतो. ठरावावर सही माझीच आहे.

ग्रंथपाल रत्नपाल येलवे याने त्या बैठकीत दुसरं एक नाव वाचून दाखवलं होतं. हुस्नबानू इसहाक उकये, शिक्षण सातवी, नेलेली पुस्तकं अकराशेच्या वर, सगळी परत. बाळाजीशेठ म्हणाले, "वाचते बाई, मान्य. पण समाजाला त्याचा उपयोग काय?" अर्जात खरोखरच तसा रकाना होता. हुस्नबानूच्या नावापुढे काय लिहावं ते आम्हाला सुचेना. शेठच्या नावापुढे 'जागा दिली' असं लिहिता आलं.

हुस्नबानू दिघीच्या अलीकडे आमच्याच गावात राहते. तिचा नवरा इसहाक लग्नानंतर तिसऱ्या वर्षी कुवेतला गेला आणि पुढची सत्तावीस वर्षं दोन वर्षांनी एकदा, दोन महिन्यांसाठी येत राहिला. त्याने तिला दोनदा व्हिसा पाठवला होता. पहिल्या वेळी सासू अंथरुणावर होती. दुसऱ्या वेळी सासू नव्हती, तरी ती गेली नाही, आणि का गेली नाही हे तिने कोणाला सांगितलं नाही. वाचनालयात ती पहिल्यांदा आली ती इसहाकच्या पत्राला तिकीट चिकटवायला डिंक मागायला. रत्नपालने डिंक दिला आणि सोबत एक कादंबरीही दिली. तेव्हा तो नवीनच लागला होता, त्याला वाचकांची संख्या वाढवून दाखवायची होती.

दुपारी तिच्या पडवीत आठ-दहा बायका कोळंबी सोलायला बसतात. हात चालू आणि तोंड मोकळं, म्हणून हुस्नबानू वाचलेलं सांगायची. कोणाला लेखकाचं नाव ठाऊक नसे, पण गोष्टीतल्या सासवांची नावं पाठ असत. रत्नपालला हे माहीत होतं. उपयोगाच्या रकान्यात त्याने तेच लिहायला सुचवलं होतं. 'कोळंबी' हा शब्द अधिवेशनाच्या कागदावर बरा दिसणार नाही, असं मीच म्हणालो.

त्या वर्षी अधिवेशनात 'लेखक आपल्या भेटीला' हा खास कार्यक्रम होता आणि लेखक म्हणून दिगंबर निवळकर येणार होते. हे कळताच हुस्नबानू भर उन्हात वाचनालयात आली.

"रत्नपालभाऊ, हे तेच का, सुक्या विहिरीचा पत्ता लिवनारे?"

"तेच."

"मंग मला यायचं हाय. त्यांना एक इचारायचं हाय."

'सुक्या विहिरीचा पत्ता' ही निवळकरांची जुनी, जाडजूड कादंबरी. आमच्याकडची प्रत एकदा बाइंडिंगला दिली होती. ती नव्या कापडी पुठ्ठ्यात, सुंदर शिवून परत आली, फक्त शेवटची बारा पानं आली नाहीत. कादंबरीत तुळशी नावाची बाई आहे. नवरा बोटीवर नोकरीला गेलेला. चौदा वर्षांनी त्याचं पत्र येतं, 'ये'. तुळशी घराला कुलूप लावते, गाठोडं घेऊन धक्क्यावर येते, आणि आमची प्रत अशी संपते: 'लाँचच्या फळीवर तिनं पाऊल ठेवलं आणि'. त्यापुढे कापडी पुठ्ठा.

हुस्नबानूने ही प्रत नऊ वेळा नेली होती. पडवीतल्या बायकांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या तिच्यावर चिडल्या, अर्धवट बुक आणलंस म्हणून. मग हुस्नबानूने शेवट स्वतःच केला.

अधिवेशनाला आम्ही वडाप जीपने गेलो. हुस्नबानूने ईदचा बुरखा घातला होता आणि डब्यात घावन घेतले होते, कारण तिथल्या जेवणावर तिचा भरवसा नव्हता. हॉलमध्ये ती तिसऱ्या रांगेत बसली. एका कार्यकर्त्याने येऊन सांगितलं, या रांगा प्रतिनिधींसाठी आहेत, तुम्ही कोण? ती म्हणाली, वाचक. तो म्हणाला, वाचकांची सोय मागे आहे. मागे खुर्च्या संपल्या होत्या. तेव्हा रत्नपालने आपल्या छातीवरचा 'ग्रंथपाल' असा बिल्ला काढून तिला लावला आणि स्वतः खिडकीपाशी उभा राहिला.

सकाळी परिसंवाद झाला. विषय 'वाचक कुठे हरवला?' चार वक्ते होते आणि वाचक हरवला याबद्दल चौघांचं एकमत होतं. मग बाळाजीशेठना शाल, श्रीफळ आणि पुस्तकांचा संच मिळाला. उत्तरादाखल ते म्हणाले की व्यापामुळे वाचायला सवड होत नाही, ही त्यांच्या आयुष्यातली एकमेव खंत आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हुस्नबानूनेही वाजवल्या, तिच्या मनात शेठबद्दल काही नव्हतं, आणि आपलं नाव बैठकीत निघालं होतं हे तिला माहीतही नव्हतं.

निवळकर दुपारी बोलायला उभे राहिले. सत्तरी ओलांडलेला, थकलेला माणूस. ते निर्मितीप्रक्रियेवर पाऊण तास बोलले. शेवटी संयोजकांनी विचारलं, कोणाला प्रश्न? कोणीच हात वर केला नाही. जेवण लागल्याचा वास यायला लागला होता. हुस्नबानू उभी राहिली.

"साहेब, तुमचं सुक्या विहिरीचं बुक मी नऊ खेपा वाचलंय. पन आमच्या बुकात शेवटची बारा पानं न्हायत. तुळशी लाँचवर पाय ठेवते, तिथवरच हाय. फुडं काय होतं?"

निवळकरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बाई, ती कादंबरी लिहून चाळीस वर्षं झाली," ते म्हणाले.

"व्हय. मला आकरा वर्सं झाली थांबून."

हॉलमध्ये थोडं हसू उमटलं. निवळकर हसले नाहीत. ते वर छताकडे बघत राहिले, आणि पहिल्या रांगेतल्या माझ्यासारख्यांना स्पष्ट दिसलं की त्यांना आठवत नाही. मग लेखकमंडळी अशा वेळी म्हणतात ते वाक्य ते म्हणाले, "शेवट खरं म्हणजे वाचकानेच ठरवायचा असतो."

"मी ठरवलाय," हुस्नबानू म्हणाली. "सांगू?"

संयोजक माइककडे धावले. वेळ संपली होती, आभार बाकी होते. निवळकरांनी हाताने त्यांना थांबवलं. "सांगू द्या त्यांना."

हुस्नबानूने पडवीत सांगते तसं सांगितलं. तुळशी लाँचमध्ये बसते. लाँच खाडी ओलांडते. पलीकडे उतरून ती धक्क्यावरच्या टपरीत चहा घेते आणि वळून बघते, तर आपलं गाव दिसतं. जन्मात तिने ते पलीकडून कधी पाहिलेलं नसतं. आपलं घर कुठलं ते तिला ओळखता येत नाही. मग ती एक-एक खूण लावते, मशिदीचा मिनार, देवळाचा कळस, बर्फाचा कारखाना, त्याच्या डावीकडे आपलं घर. घर सापडतं. ती चहाचा पेला ठेवते आणि दुसऱ्या लाँचने परत येते.

"नवऱ्याला काय कळवते?" निवळकरांनी विचारलं. आता प्रश्न तेच विचारत होते.

"कळवते, की मी निगाले होते."

वाढपीसुद्धा दारात येऊन उभे राहिले होते. निवळकर म्हणाले, "हो. आता आठवलं. असाच आहे." आणि खाली बसले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी आली: 'ज्येष्ठ लेखकाने उलगडला गाजलेल्या कादंबरीचा शेवट.' प्रश्न विचारणाऱ्याचा उल्लेख 'एका ग्रंथपाल भगिनीने' असा होता. बिल्ल्यामुळे.

हुस्नबानू फार खुश होती. परतीच्या जीपमध्ये तिने घावन सगळ्यांना वाटले, बाळाजीशेठनाही. आपण केला तोच शेवट साहेबांनी लिहिला होता, हे तिने पडवीत जाऊन सांगितलं आणि बायकांचा तिच्यावरचा विश्वास पक्का झाला.

पण रत्नपाल प्रामाणिक माणूस आहे, आणि प्रामाणिक माणसं गोष्ट तिथे सोडत नाहीत. त्याने अलिबागच्या जिल्हा ग्रंथालयातून पूर्ण प्रत मागवली. ती यायला अडीच महिने लागले. आधी त्याने स्वतः वाचली, मग माझ्याकडे आणली.

"सर, हे हुस्नबानूचाचींना द्यायचं का?"

मी शेवटची बारा पानं वाचली. तुळशी लाँचमध्ये बसते, खाडीच्या तोंडाशी लाँच उलटते, आणि तुळशी बुडते. हे दोन ओळींत. उरलेल्या पानांत समुद्राविषयीचं चिंतन आहे.

"नको," मी म्हणालो.

रत्नपालने दिलं. त्याचं म्हणणं असं की पुस्तक लपवणं हे ग्रंथपालाचं काम नाही. हुस्नबानूने ते एका दिवसात वाचलं आणि दुसऱ्या दिवशी परत आणलं. मी योगायोगाने तिथेच पेपर वाचत होतो. खरं तर योगायोगाने नाही.

"वाचलंत?" रत्नपालने विचारलं.

"वाचलं. बुडवली तिला." तिने पुस्तक टेबलावर नीट सरळ ठेवलं. "एवडं चालवत आनलंन आनि बुडवलंन. त्या बाइंडिंगवाल्याला अक्कल होती."

रत्नपालला वाईट वाटलं. "चाची, मी नव्हतं द्यायला पाहिजे."

"न्हाय, दिलंत ते चांगलं केलंत. पन एक करा. साहेबांना कळवू नका."

"काय कळवू नका?"

"त्यांच्या बुकात काय हाय ते. म्हातारा मानूस हाय. आता त्यांना वाटतंय आपन परत आनली तिला. ऱ्हाऊ द्या."

रत्नपालने प्रत अलिबागला परत पाठवली. आमची कापडी पुठ्ठ्याची प्रत कपाटात आहे आणि अजून जाते. गावातल्या दोघी-तिघी आता ती स्वतः नेतात, अडखळत वाचतात आणि फळीवरच्या पावलाशी आल्या की हुस्नबानूकडे जातात.

गेल्या वर्षी इसहाक कायमचा परत आला. गुडघे गेलेत, शुगर आहे. दुपारी बायका बसतात तेव्हा तोही पडवीच्या टोकाला खुर्ची टाकून बसतो. एकदा त्याने तुळशीची गोष्ट पूर्ण ऐकली आणि विचारलं, "आनि तिचा नवरा? तो काय करत व्हता तिकडं, इतकी वर्सं?"

हुस्नबानू कोळंबी सोलत होती. "त्ये न्हाय लिवलेलं," ती म्हणाली.

त्या आठवड्यात इसहाक काठी टेकत वाचनालयात आला आणि सभासद झाला. मराठी वाचायची सवय सुटलीय म्हणाला, जरा मोठ्या अक्षरांचं काहीतरी द्या. रत्नपाल अजून शोधतोय.