साखराबाईची हाक

अंगदचं मेंढरांनी कधी ऐकलंच नाही. धनगराच्या पोटी जन्माला येऊन ही गत. तो ओरडला की कळप नेमका उलट्या दिशेला सुटायचा, आणि नेकनूरच्या माळावर बसलेली माणसं पोट धरून हसायची. त्याची आई साखराबाई मात्र बांधावर उभी राहून नुसती एक लांब हाक टाकायची, "हुर्र्याऽऽ", की ओढ्यापलीकडची मेंढीसुद्धा मान वर करून माघारी फिरायची. नवरा वारला तेव्हा भावकीनं तिला कळप विकायचा सल्ला दिला. सल्ला द्यायला काय जातं? "पोरगं हाकंल न हाकंल, मी हाय की," असं म्हणून ती काठी घेऊन निघाली ती निघालीच. त्या कळपावर तिचं घर चाललं, अंगदचं शिक्षण झालं, आणि खरं सांगायचं तर तिला जगावंसं वाटत होतं तेही त्या कळपामुळेच.

अंगद बीडला जाऊन कॉम्प्युटर शिकून आला आणि नेकनूरच्या स्टँडासमोर त्यानं दुकान टाकलं. झेरॉक्स, ऑनलाईन अर्ज, आधार कार्डावरचा पत्ता बदलून देणं, हे पोटापुरतं. त्याचा जीव रमायचा तो एक्सेलमध्ये. एक्सेलच्या पोटात आपण आपला कोड लिहून ठेवू शकतो, हे कळल्यापासून त्याला दुसरं काही सुचत नसे. त्यातही त्याला भुरळ पडली होती ती इव्हेंटची. म्हणजे असं, की शीटवरच्या एखाद्या चौकोनातला आकडा बदलला, की ते एक्सेलला आपोआप कळतं, आणि त्या बदलाला बांधून ठेवलेला कोड उठून कामाला लागतो. कुणी बटण दाबायला नको, सांगायला नको. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी अंगदचं ऐकत होतं.

आईला त्यानं हे तिच्या भाषेत समजावलं होतं. "आये, आपला वाघ्या कुत्रा वाघरीजवळ झोपल्याला असतो न्हवं? आपुन त्याला उठवतो का? जाळीपाशी काही हललं की त्योच उठतो. तसंच हाय हे."

"मग त्याला भाकर कोण घालतं?" साखराबाईनं विचारलं होतं, आणि दोघं मायलेक कितीतरी वेळ हसत बसले होते.

गावाबाहेर रस्त्याच्या कडेला मेंढपाळांच्या संस्थेची दोन खोल्यांची इमारत होती. तिथं लशीचा फ्रिज होता. शेळ्यामेंढ्यांच्या पीपीआर रोगावरची लस त्यात ठेवलेली असे. तिला दोन ते आठ अंशांच्या आत ठेवावं लागतं. एकदा तापली की मेली. वरून बाटली तशीच दिसते, पण आत जीव राहत नाही. फ्रिजवरच्या काट्याचा आकडा सकाळ-दुपार-संध्याकाळ बघून कॉम्प्युटरात टाकायचं काम बंकटकडे होतं. बंकट संस्थेचा एकुलता एक नोकर. माणूस वाईट नव्हता, पण त्याला खुर्चीत बसल्या बसल्या झोप लागायची. म्हणून संस्थेनं अंगदला सांगितलं, आकडा आठाच्या वर गेला की ओरडेल असं काहीतरी करून दे.

अंगदनं करून दिलं. आकडा बदलला की कोड जागा होणार, आठाच्या वर असेल तर चौकोन लाल करणार आणि पिपाणी वाजवणार. बंकटनं दुसऱ्याच दिवशी आवाज बारीक केला. तेव्हा अंगदनं पिपाणी काढून टाकली आणि आईचा आवाज मोबाईलवर भरून घेतला. आधी ती लांब "हुर्र्याऽऽ", आणि मागून, "आरं बंकट, लस तापली! ऊठ की मुडद्या, काय बघतुयास!" बंकटनं फ्रिज बघून माऊस दाबेपर्यंत हे पुन्हापुन्हा वाजत राहायचं. पहिल्यांदा वाजलं तेव्हा बंकट खरोखरच उठून उभा राहिला.

मग काय, पंचक्रोशीतले मेंढपाळ कॉम्प्युटरातली साखराबाई ऐकायला येऊ लागले. "उंटावरून शेळ्या हाकतो" म्हणून अंगदला आयुष्यभर चिडवणारा म्हातारा म्हाळू त्याच्या पाठीवर थाप मारून गेला. म्हणाला, "हाकल्यास बाबा, खुर्चीत बसून हाकल्यास!" साखराबाई वरवर लाजायची, पण कुणी ओळखीचं भेटलं की विषय फ्रिजवर आणायची.

सगळी गोम इथंच होती. बंकट आता आकड्याकडे बघेनासा झाला. म्हणजे काटा वाचायचा, आकडा टाकायचा, पण त्यावर विचार करायचं काम त्यानं मावशीवर, म्हणजे कॉम्प्युटरातल्या साखराबाईवर, सोपवून टाकलं. मावशी बोलली नाही म्हणजे सगळं ठीक. आणि असा विश्वास एकट्या बंकटचाच नव्हता.

चैत्रात संस्थेनं अंगदला मागच्या वर्षांचे आकडे त्याच शीटमध्ये भरायला सांगितले. अंगद ते कोडनं भरायला बसला, तर प्रत्येक आकड्यागणिक इव्हेंट उठू लागला, आणि जुना एखादा दहा-बाराचा आकडा आला की साखराबाई ओरडू लागली. बंकट हसून हसून बेजार. अंगदनं वैतागून कोडच्या सुरुवातीला एक ओळ लिहिली, इव्हेंट बंद. अगदी शेवटी दुसरी ओळ, इव्हेंट चालू. एवढंच. पण जुन्या नोंदीत कुणीतरी आकड्याच्या जागी "लाईट नव्हती" असं लिहून ठेवलं होतं. कोड तिथं अडखळला आणि मध्येच थांबला. शेवटची ओळ चाललीच नाही. दुकानावरून फोन येत होते, गिऱ्हाईक खोळंबलं होतं. अंगदनं राहिलेले आकडे हातानं भरले, फाईल जतन केली आणि गाडीला किक मारली. कोड कुठंही अडला तरी शेवटी इव्हेंट चालू होतील अशी सोय आधीच करून ठेवायची असते, हे त्याला ठाऊक होतं. क्लासात पहिल्या आठवड्यातच शिकवलेलं होतं.

एक्सेल बंद करून पुन्हा उघडलं असतं तर इव्हेंट आपोआप चालू झाले असते. पण बंकट कॉम्प्युटर कधी बंदच करत नसे, नुसता झोपवायचा. छतावरच्या सोलारवर कॉम्प्युटर आणि एक पंखा आरामात चालायचा. फ्रिज तेवढा लाईटीवर होता, कारण सोलारला त्याचा भार पेलत नसे.

वैशाखात वावटळ सुटली आणि डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाला. डीपी जळाला की तो कधी येईल हे आपल्याकडे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. बंकटनं फ्रिजचं दार घट्ट लावून ठेवलं, वर पोतं टाकलं, आणि इमानदारीनं काटा वाचत राहिला. अकरा टाकले. एकोणीस टाकले. तेवीस टाकले. प्रत्येक वेळी क्षणभर थांबून कान दिला. मावशी गप्प होती. "जाड पत्र्याचा फ्रिज हाय, थंडावा धरून हाय," असं स्वतःशी म्हणून तो पंख्याखाली बसला. लाईट आली, फ्रिज गार झाला, आकडा पुन्हा पाचावर आला.

त्यानंतर लसीकरणाचं शिबिर झालं. साखराबाई सगळ्यांच्या पुढं, कळप घेऊन. सुईला भिणाऱ्यांना तीच समजावत होती, "भिऊ नगा, माझ्या लेकाच्या राखणीतली लस हाय." तिच्या शब्दावर कितीतरी जणांनी आपली मेंढरं पुढं केली.

जेमतेम महिना झाला असेल. आधी एका कोकराच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं. मग तोंडात फोड, मग हगवण, मग कळपातली मेंढरं चारा तोंडात धरून नुसती उभी राहायला लागली. साखराबाई हाक मारायची आणि ती मान वर करायची, पण चालायची नाहीत. रोज सकाळी वाघरीच्या जाळीत काही मरून पडलेली असायची. अंगद खड्डे खणायचा. आई तोंडाला पदर लावून बसायची, आणि त्याला वाटायचं, ही आता रडली तर बरं होईल.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी मेलेली मेंढरं बघितली, मग अंगदला बाजूला घेतलं. "लस दिलेल्या कळपात हे असं व्हायला नको. मधल्या काळात फ्रिज कधी तापला होता का?"

"न्हाई मॅडम," अंगद ठामपणे म्हणाला. "तापला असता तर आई बोलली असती की."

दाखवायला म्हणून तो त्यांना संस्थेत घेऊन गेला. खुर्चीत बसला आणि चौकोनात वीस टाकून एंटर दाबलं.

काहीच झालं नाही. चौकोन पांढराच राहिला. पंखा फिरत होता.

"मावशी कावून बोलंना?" बंकट म्हणाला.

अंगदनं पुन्हा वीस टाकले. मग तीस टाकले. मग त्याला चैत्रातली ती दुपार आठवली, अडखळलेला कोड आठवला. शीट वर सरकवायची गरज नव्हती. तरी त्यानं सरकवली. अकरा, एकोणीस, तेवीस, तिन्ही पांढऱ्या चौकोनांत नीट बसलेले होते. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात ते हेच. बंकटचा चेहरा पडला. "अंगदा, मी टाकल्यात रं आकडे, एक बी सोडला न्हाई," एवढंच तो पुन्हापुन्हा म्हणत राहिला.

अंगद घरी आला आणि आईसमोर बसला. काही लपवायची ताकदच उरली नव्हती.

"आये, मेंढरं माझ्यामुळं गेली."

"तुझ्यामुळं कशाला? देवाची करणी."

"न्हाई आये. त्यो कुत्रा म्या बांधून ठिवला हुता. काम झाल्यावर सोडायचा ऱ्हायला."

हे तिला लगेच समजलं. शिव्या दिल्या असत्या, काठी घातली असती, तरी त्यानं आनंदानं सोसलं असतं. तिनं फक्त विचारलं, "म्हाळूची बी मेली का रं?"

"व्हय."

"मी सांगितलं हुतं त्याला," साखराबाई म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. त्या दिवसापासून तिनं मोठ्यानं हाक मारलेली कुणी ऐकली नाही. मारायची कुणाला?

एक मेंढी वाचली. कबरी नावाची, जुनी. डॉक्टरीणबाईंना तिचं रक्त तपासायचं होतं म्हणून साखराबाई तिला दोरी लावून संस्थेत घेऊन आली आणि बाहेर लिंबाखाली बांधून पायरीवर बसली. आत अंगद कोड नव्यानं लिहून बसला होता. या वेळी अडखळलं तरी इव्हेंट चालू होतील अशी वाट त्यानं बांधली होती, दोनदोनदा तपासली होती. नवी लस आली होती, उरलेले कळप होते. काम टाळून चालणार नव्हतं. आई आलेली त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं चौकोनात वीस टाकले.

"हुर्र्याऽऽ!"

चौकोन लालभडक झाला. भिंती दणाणल्या. तो आवाज भरलेला, खणखणीत, मागच्या वर्षीचा होता. बाहेर कबरीनं झटकन मान वर केली, खिडकीकडे तोंड वळवलं, आणि दोरीला हिसडे देत ओरडायला लागली.

साखराबाई दारात येऊन उभी राहिली. "बंद कर रं ते," ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की अंगदला तिच्या ओठांवरून कळलं.

त्याचा हात माऊसवर होता. एक बोट दाबलं की थांबलं असतं. पण बंद करण्यानंच तर सगळं घडलं होतं, आणि त्याला ते दाबवेना.

ती वळली. तिनं लिंबाला बांधलेली दोरी सोडली आणि कबरीला ओढत रस्त्याला लागली. आपल्या आईनं मेंढराला दोरी धरून ओढलेलं अंगद पहिल्यांदाच बघत होता. ती पुढं ओढत होती, आणि मेंढी मागं वळून वळून संस्थेच्या खिडकीकडे बघत होती, कारण तिला ओळखीची हाक तिथूनच येत होती.