मूळ गाव विचारायची सवय

आमचं घराणं तीर्थोपाध्यायांचं. रामकुंडावर यजमान आला की आमचा पहिला प्रश्न ठरलेला, मूळ गाव कोणतं? माणूस पुण्यात राहू दे नाहीतर दुबईत, आमच्या वंशावळीच्या वहीत तो आजोबांच्या गावाखालीच सापडतो. या सवयीपायी मी एका बाईचं म्हातारपण मातीत घालायला निघालो होतो.

मावशी आमच्याकडे धुणंभांडी करायला लागल्या तेव्हा मी तिसरीत होतो. नवरा नेपाळहून वॉचमनच्या कामाला आलेला, त्याच्यामागोमाग ह्या आल्या. पुढे तो वारला, मूलबाळ नाही. मावशींचं मराठी माझ्या बायकोपेक्षा चोख. यंदा गुडघ्यांनी पुरता दगा दिला आणि काम सुटलं. इतकी वर्षं राबवून घेतलं, पण त्यांच्या म्हातारपणाचा विचार आमच्या घरात एकानेही केला नव्हता. मीही नाही. लाज वाटली, म्हणून म्हटलं, निराधार वृद्धांची सरकारी पेन्शन तरी मिळवून देतो. रेशनकार्ड होतं, मतदान कार्ड होतं, वय बसत होतं. नागरिकत्वाचा कागद तेवढा त्यांनी कधी काढला नव्हता. तो लागतो हेच कुणाला ठाऊक होतं?

फॉर्म भरायला मी मोठ्या ऐटीत बसलो. 'गाव, तालुका, जिल्हा' असा रकाना आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, मूळ गाव कोणतं हो तुमचं? मावशी एकदम खुलल्या. गावाचं नाव सांगितलं, खालची नदी सांगितली, आईनं दारात लावलेलं संत्र्याचं झाड सांगितलं. चाळीस वर्षांत मी हे कधी विचारलंच नव्हतं. ऐकता ऐकता ते गाव सुवाच्य अक्षरात लिहून मोकळा झालो. तिथे राहता पत्ता हवा होता, पंचवटीतला. माझी अक्कल कुठे चरायला गेली होती देव जाणे.

पंधरा दिवसांनी कचेरीतून बोलावणं आलं. मावशींना रिक्षात घालून नेलं. साहेब तरुण होते, आवाज न चढवता बोलत होते, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. अर्जावर बोट ठेवून त्यांनी सांगितलं की बाई नेपाळच्या असतील तर ही पेन्शन मिळणार नाही, शिवाय रेशनकार्ड कशाच्या आधारावर निघालं याचीही चौकशी लावावी लागेल. पेन्शन राहिली बाजूला, हातातलंही जाणार होतं. मी चाळीस वर्षांचा पाढा वाचायला लागलो, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"गुरुजी, तुम्ही नको. आजींना बोलू द्या. आजी, हे गाव तुमचं का?"

मावशी अर्जाकडे बघत राहिल्या. वाचता येत नाही त्यांना, पण बोट कुठल्या ओळीवर आहे ते कळलं होतं.

"मला नाही माहीत हे गाव," त्या म्हणाल्या. "मी नाशिकची. ह्यांनी दुसऱ्या कुणाचं तरी लिहिलंय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. रोज गोदेच्या पाण्यात उभा राहून संकल्प सांगणारा माणूस मी. खरं बोललो असतो तर बाई उघड्यावर पडली असती. शेवटी म्हणालो, हो, एका यजमानाचं गाव चुकून उतरलं माझ्याकडून. साहेब अर्ज माझ्याकडे सरकवून म्हणाले, नीट भरून आणा. त्यांना काही कळलं नसेल असं मला आजही वाटत नाही.

जिना उतरताना मावशींनी माझा दंड घट्ट धरला होता. रिक्षात बसल्यावर मी म्हटलं, आता काळजी सोडा, उद्याच नवा अर्ज भरू.

"नको रे दादा," मावशी म्हणाल्या. "परत विचारलं तर परत नाही म्हणावं लागेल. माझ्या आईला त्याच गावात जाळलंय."