जावयांच्या ताग्यातली सफारी

आमच्या गल्लीतल्या हिलाल स्पीकरवाल्याचं एकच काय ते शाबूत होतं, त्याचा साउंड. बाकी सगळा हिलाल कुठे ना कुठे फुटलेला. भुवईवरची खूण नरडाण्याच्या वरातीतली. नवरदेवाच्या मित्रांना तेच तेच गाणं हवं होतं, याने कॅसेट बदलली, त्यांनी याच्या डोक्यात सोड्याची बाटली फोडली. कानाची पाळी धुळ्यात फाटली. यावलला तर बनियनला धरून ट्रॉलीवरून खाली ओढला आणि वऱ्हाड त्याच्या पाठीवर नाचलं. त्याची बायको प्रमिलाबाई वाटीत हळद कालवूनच ठेवायची. लग्नसराईत हळद दोघांनाच लागते, एक नवरदेवाला आणि एक हिलालला, असं मी म्हणालो की ती मला लाटणं दाखवायची.

हिलालचा सिद्धांत असा, की लोक माणसाला मारत नाहीत, बनियनला मारतात. चांगल्या कपड्यातल्या माणसावर हात टाकताना समोरचा आधी विचार करतो. म्हणून त्याला वराती सोडून रिसेप्शनं धरायची होती. तिथे लोक खुर्चीवर बसतात, आइस्क्रीम खातात.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात संधी आली. यावलकडचे केळीवाले कौतिकनाना धाकट्या मुलीचं रिसेप्शन जळगावात देणार होते. पत्रिकेवर 'डीजे' छापलं होतं आणि तो डीजे म्हणजे आमचा हिलाल. नानांनी त्याला बजावलं की साहेबलोक येणार आहेत, माणसासारखे कपडे घालून ये. नीट पार पडलं तर भाऊबंदांची सगळी रिसेप्शनं तुझीच.

हिलाल जीवराम शिंप्याकडे गेला. तिथे नानांच्या जावयांच्या सफाऱ्या शिवायला पडल्या होत्या. आमच्याकडे घरच्या सगळ्या जावयांना एकाच ताग्यातलं कापड देतात. मांडवात रुसायचा हक्क कोणाकोणाला आहे ते लांबून कळतं. यंदाचा रंग वांगी. जीवरामने हात राखून कापड बेतलं होतं, त्यामुळे एका माणसापुरतं उरलं. हिलालला रंग आवडला, जीवरामला गिऱ्हाईक मिळालं. तागा कोणाचा, हे यानं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

रिसेप्शनला हिलाल वांगी सफारीत, केसांना तेल लावून, हातात माइक घेऊन उभा. नानांची म्हातारी बहीण भिकुबाई जावयांना टिळा लावून टोपी-नारळ देत होती. डोळ्यांत मोतीबिंदू. तिला वांगी रंग तेवढा दिसला. तिने पहिला टिळा हिलालला लावला, टोपी घातली, नारळ हातात ठेवला. हिलालला वाटलं, बघा, कपड्याला किती मान आहे. त्याने वाकून नमस्कारसुद्धा केला.

पहिला टिळा असतो थोरल्या जावयाचा. थोरले जावई जामनेरचे अभिमन आबा, पैलवान गडी, मिशीला पीळ. ते पुढे आले आणि त्यांनी हिलालची कॉलर धरली.

"तू कोना जवाई शे रे?"

माफी मागितली असती तर निभावलं असतं. पण टोपी डोक्यात गेली होती.

"मी स्पीकरना जवाई शे," हिलाल म्हणाला.

पहिल्या थपडेत टोपी उडाली. दुसरीला ओठ फुटला. बाकीचे जावई धावले, तेही वांगी, आणि त्या वांग्यांच्या ढिगात मार कोणाला बसतोय हे कळेना. दोन नंबरच्या जावयाने तीन नंबरच्याच्या पोटात लाथ घातली. खुर्च्या फेकल्या गेल्या. नारळ मात्र नेमका हिलालच्या बरगडीवर बसला. सफारीच्या बाह्या खांद्यापासून निघाल्या. आयुष्यात पहिल्यांदा हिलालने हात उचलला, पण त्या हातात माइक होता आणि माइक चालू होता. तो अभिमन आबांच्या गालफडावर असा बसला, की दाढ मोडल्याचा आवाज चारी कर्ण्यांतून निघाला. रस्त्यावरचे टांगेवाले थांबले.

मारामारी तिथेच थांबली. हिलालने तोंडातलं रक्त थुंकलं, सफारीच्या चिंध्या अंगावरून काढल्या, आबांच्या खांद्यावर ठेवल्या.

"पाव्हना, हाई बी तुम्हीच ल्या. मी गाणं लावस."

आणि बनियनवर बसून त्याने सनई लावली. तिच्यात एवढीशी खरखर नव्हती.

नानांनी त्याला पुन्हा दारात उभं केलं नाही. प्रमिलाबाईने हळद लावता लावता त्याचा सिद्धांत मोडीत काढला. पण पोळा झाल्यावर गल्लीत जीप थांबली. अभिमन आबा उतरले, एक गाल अजून जरा बसलेला. तुळशीच्या लग्नानंतर भावाचं रिसेप्शन होतं. म्हणाले, पुष्कळ साउंडवाले पाहिले, पण माझी दाढ जशी स्वच्छ ऐकू आली तसं आजवर कोणाचं काही ऐकू आलं नाही. मग पिशवीतून सफारीचं कापड काढून हिलालच्या मांडीवर टाकलं. रंग पिस्ता.

"आमना जवाई राखोडीमा शेतस," आबांनी सांगितलं. "तू हाऊच घाल."

आता रिसेप्शनं हिलालचीच. पण मांडवात शिरल्यावर तो आधी वायर जोडत नाही. फुटलेल्या ओठाच्या खुणेवरून जीभ फिरवत जावई कोणत्या रंगात आहेत ते बघून घेतो.