दाजींची लाल चिठ्ठी

जगातली कुठलीही गोष्ट तीन चिठ्ठ्यांत बसवता येते अशी खात्री असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नेमका तोच माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. दाजी पिंपरीकडे नव्यानं उभ्या राहिलेल्या एका बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीला होते. चांगल्या मालाला हिरवी चिठ्ठी, सुधारण्याजोग्याला पिवळी आणि बाद मालाला लाल. घरीही ते भाकरी उजेडाकडे धरून बघत. एकदा त्यांनी पिवळी ठरवलेली भाकरी ताईनं मुकाट्यानं त्यांच्याच ताटात परत वाढली. तीही त्यांनी खाल्ली आणि "सुधारणा आहे," म्हणाले.

हे गृहस्थ स्कूल कमिटीवर आले आणि आमच्या लोकल बोर्डाच्या शाळेचे ग्रह फिरले. वर्षाअखेरची परीक्षा त्यांना मान्य नव्हती. दोष ज्या टप्प्यावर शिरतो तिथंच धरायचा, हा त्यांचा सिद्धांत. चौथीला भागाकार येईना, म्हणून ते तिसरीचा गुणाकार बघायला गेले, तिथून दुसरीच्या वजाबाकीवर आले, आणि चौथीतला गुन्हा असा उतरत उतरत पहिलीच्या मास्तरापाशी, म्हणजे माझ्यापाशी पोचला. मी काय चुकलो ते मला कळलं नाही, पण आपण चुकलोय एवढं मात्र पटलं. मग रांगेतलं दर पाचवं पोर तपासायचं ठरलं. पोरांनी दोन दिवसांत हे ओळखलं आणि पाचव्या जागी हुशार पोरं सरकवली. महिनाभर वर्ग हिरवागार. दाजी खूश, हेडमास्तर खूश, आणि माझं डोकं भणभणायला लागलेलं.

एक दिवस दाजींनी उलट्या टोकाकडून मोजलं. पाचवी आली रहाटणीची यमी. पाढा म्हणताना ती सातावर अडली ती अडलीच. दाजींनी तिच्या झंपराला लाल चिठ्ठी टाचली. त्यांच्या शास्त्राप्रमाणे ती चिठ्ठी खरं तर मला होती, पण टाचायला झंपर तिचा सापडला. दुसऱ्या दिवसापासून यमी शाळेत यायची बंद झाली.

चौथ्या दिवशी दाजी स्वतःच अस्वस्थ होऊन माझ्याकडे आले. लाल चिठ्ठी लागली की दोष शोधायचा असतो, माल घरी कसा जाईल, हे त्यांना उमगेना. आम्ही सायकलींनी रहाटणीला गेलो. यमीचा बाप गोठ्यासमोर दोर वळत बसला होता. त्यानं घोंगडं अंथरलं, पाणी दिलं आणि शाळेचं नाव निघताच शांतपणे म्हणाला, "न्हाई सायेब, तिला सरकारनं घेतली. लाल खूण झाली की ते आपलं ऱ्हात न्हाई."

आमच्या दोघांच्याही काही लक्षात येईना. मग त्यानं सांगितलं. दोन वर्षांमागं मोजणीवाले आले, त्याच्या बांधाच्या दगडांवर लाल रंग फासून गेले, आणि सहा महिन्यांत रानाला तारेचं कुंपण पडलं. त्या रानात आता दाजींचा कारखाना होता. पोरीलाही नेतील या भीतीनं त्यानं तिला आजोळी धाडायची तयारी केली होती. गाठोडं दारात बांधून ठेवलेलं.

ही खूण सरकारची नाही, आपली आहे, आणि चुकीची आहे, असं दाजींनी तीन-तीनदा सांगितलं. यमीला जवळ बोलावून झंपरावर भीतीपोटी अजून तशीच ठेवलेली चिठ्ठी काढली आणि फाडून टाकली. बापानं ते तुकडे वेचून तळहातावर घेतले. मग म्हणाला, "म्हंजी निघती व्हय ही खूण? मंग दगडावरची बी काढा की, सायेब."

कुठल्याही प्रश्नाला टप्पा शोधून देणारे दाजी माझ्याकडे बघायला लागले.

यमी दुसऱ्या दिवसापासून शाळेत यायला लागली. दाजी पुढं कमिटीवर राहिले, पण हातात चिठ्ठ्या कधी दिसल्या नाहीत. मात्र सुट्टीच्या दिवशी ते सायकल काढून रहाटणीला जात आणि त्या माणसाशेजारी नुसते दोर वळत बसत. त्यांना तो दोर शेवटपर्यंत नीट वळता आला नाही.