साहेबांची सफरचंदं

१२ नोव्हेंबर, मंगळवार. दुपारी वन्सं प्रयोगशाळेतून मेमो घेऊनच घरी आल्या. माझ्या या नणंदेवर आरोप असा, की फुलदाण्यांचं पाणी बदललं नाही म्हणून शीतखोलीतली प्रयोगाची फुलं कोमेजली. उद्या माफी लिहून द्यायची, नाहीतर नोकरी गेली.

सव्वीस वर्षं त्या रोज दोनदा पाणी बदलतात आणि भिंतीवरच्या कार्डावर वेळ लिहितात. सासूबाई गेल्या त्या दिवशीसुद्धा पाणी बदलूनच निघाल्या होत्या, स्वतःची आई गेलेली असताना.

शुक्रवारी प्रयोगशाळेच्या प्रमुख साहेबांनी आपल्या घरची सफरचंदांची पेटी त्या खोलीत ठेवली. वन्सं म्हणाल्या, "साहेब, फळं बाहेर ठेवू का?"

"का हो, फळं फुलांना चावतात की काय?"

चावतातच. पिकत्या फळातून इथिलीन वायू सुटतो. पाकळीच्या पेशीतल्या एका प्रथिनाला तो चिकटला, की कोमेजण्याची जनुकं कामाला लागतात. हे साहेब स्वतः मुलांना शिकवतात, आणि वन्सं दाराशी बरण्या पुसताना ऐकून शिकल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

"वहिनी, लिहून टाकू का माफी? निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत."

"मुळीच नाही," मी म्हटलं आणि माझ्या डायरीतलं शुक्रवारचं पान उघडलं. पेटीची गोष्ट त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितली होती आणि मी ती लिहून ठेवली होती. माफीऐवजी आम्ही तारखेसकट तेच उत्तर लिहिलं. वन्संनी पूर्ण नावानिशी सही केली.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावरची सफरचंदं फुलदाणीजवळून उचलून स्वयंपाकघरात ठेवली.